दहा मिनिटं पुढचं घर

एस्तेर काकूंच्या घरात तीन घड्याळं होती आणि तिन्ही दहा मिनिटं पुढे होती. एक बैठकीत, एक स्वयंपाकघरात आणि एक त्यांच्या मनगटावर. लहान असताना मी त्यांना एकदा विचारलं होतं, "पुढे आहे हे तुम्हाला माहीतच आहे, मग तुम्ही मनात दहा मिनिटं वजा करत असाल ना? मग उपयोग काय?"

काकूंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "मी वजा करत नाही," त्या म्हणाल्या.

मी फार प्रश्न विचारणारी मुलगी नव्हते. एक विचारला की पुढचे आठ दिवस पुरायचा. त्यामुळे ते उत्तर मी तसंच घरी घेऊन आले.

आमची कॉलनी जबलपूरच्या रिछाईकडच्या अंगाला. आमच्या आणि त्यांच्या अंगणात एक कंबरेएवढी भिंत होती. बाबा फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसात होते, काकू त्याच फॅक्टरीच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झाल्या होत्या. सकाळी भोंगा वाजायचा, कामगार खिडकीशी येऊन आपापला पितळी बिल्ला घ्यायचे आणि आत जायचे. भोंगा थांबला की खिडकी बंद. त्यानंतर जो येईल त्याचा लेट. ती खिडकी काकूंनी एकतीस वर्षं उघडली आणि बंद केली. काकूंचे यजमान थोरातकाका मी जन्मायच्या आधीच गेले होते, मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतरही भोंगा ऐकू आला की काकूंचा उजवा हात थोडासा उचलला जायचा, खिडकीचं फळकुट खाली ओढावं तसा. त्यांना ते माहीत नसावं. मी कधी सांगितलं नाही.

त्या प्रत्येक उद्याच्या आधी "प्रभूची इच्छा असली तर" म्हणत. हे आमच्या घरात चेष्टेचा विषय होतं. आई भिंतीवरून विचारायची, "उद्या कढी करून राहिल्या का?" काकू म्हणायच्या, "प्रभूची इच्छा असली तर." बाबा आतून हळूच म्हणायचे, "आणि ताक आंबट असलं तर." पण काकूंना ते बोलण्यापुरतं नव्हतं. झोपण्याआधी त्यांच्या घरात एकही भांडं खरकटं नसे. विणायला घेतलेला स्वेटर अर्धा राहिलेला मी पाहिला नाही. पुरा होत नसेल तर उसवून लोकर गुंडाळून ठेवत. कुणाकडून वाटीभर साखर आणली तर वाटी त्याच दिवशी परत. "चलो, हे झालं," असं म्हणून त्या हात झटकत. ते झालेलं काम कुठल्या तरी मोठ्या यादीतून कमी होत असावं, असं मला वाटे.

कपाटाच्या वरच्या खणात त्यांची शेवटच्या दिवसाची साडी ठेवलेली होती. पांढरी, बारीक निळ्या काठाची. दसऱ्याच्या सुमारास ऊन कडक झालं की त्या ती दोरीवर घालत आणि पुन्हा घडी करत. मी नववीत असताना शाळेच्या कार्यक्रमात आम्हा मागच्या रांगेतल्या मुलींना पांढऱ्या साड्या हव्या होत्या. आईकडे नव्हती. मी भिंतीशी नुसती उभी राहिले होते, काकूंनीच विचारलं, "काय पाहिजे? तोंड उघड ना गं." मी सांगितलं. त्यांनी खण उघडला, साडी काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "आठ वाजेपर्यंत परत पाहिजे. वेळेचं काय सांगावं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मी साडेसातला साडी परत केली. आईला खूप दिवसांनी कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "अगं, ती त्यांची... अरे देवा. अन् तू नेसून नाचली?" मी म्हटलं, मी नाचले नाही, मागे उभी होते.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी, घरात मराठी, पण कानापुरती. लिहिता-वाचता यायचं ते अडखळत. मी दहावीत गेले त्या वर्षी काकूंच्या डोळ्यांवर सारा आला, मोतीबिंदू. ऑपरेशनची त्यांना भीती होती, हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. "बघू, प्रभूची इच्छा असली तर," एवढंच. तोवर मी रोज संध्याकाळी पाचला जाऊन त्यांना शास्त्र, म्हणजे मराठी बायबल, वाचून दाखवायचं ठरलं. पाच म्हणजे त्यांचे पाच. आमच्या घरी तेव्हा पाचला दहा कमी असत.

"रोज रोज काहून जाऊन राहिली तिथे?" आईने सुरुवातीला विचारलं. तिला काळजी होती, पण नेमकी कसली ते तिलाही सांगता येत नव्हतं. मग दोन महिन्यांनी नागपूरहून आलेली मामेबहिणीची लग्नपत्रिका मी घडाघडा वाचली, आणि आई गप्प झाली. काकूंनी मला एकदाही चर्चला ये म्हटलं नाही. मी विचारल्याशिवाय अर्थही सांगत नसत. फक्त उच्चार चुकला की खुर्चीच्या हातावर बोटाने एक टिचकी. माझी मराठी त्या टिचक्यांनी झाली आहे.

एका संध्याकाळी दहा मुलींची गोष्ट आली. नवरदेवाची वाट पाहणाऱ्या दहा मुली, हातात दिवे. पाचजणींनी जादा तेल आणलेलं, पाचजणींनी नाही. ज्यांचं संपलं त्या तेल आणायला गेल्या आणि तेवढ्यात नवरदेव आला, दार लागलं. त्या परत आल्या, हाका मारल्या. दार उघडलं नाही.

मी पुस्तक मिटलं. आठ दिवसांचा प्रश्न मी तिथे खर्च केला.

"ज्यांच्याकडे तेल होतं त्यांनी थोडं दिलं का नाही?"

"दिलं असतं तर कोणालाच पुरलं नसतं."

"आणि दार? आत तर सगळे होतेच. उघडलं असतं तर काय झालं असतं?"

 काकू टाइम ऑफिसच्या आवाजात म्हणाल्या, "दार बंद म्हणजे बंद. नाही तर वेळेवर येणाऱ्याने वेळेवर काहून यावं?"

ते बरोबर होतं. मला खोडता आलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी चहा केला नाही, आणि मी निघाले तेव्हा मला वाटलं, मी काहीतरी सांडून आले आहे.

दगडाची गोष्ट त्यानंतर चार-पाच वर्षांनी घडली. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. काकूंनी एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं, पण बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून वाचन चालूच होतं. कब्रस्तानात थोरातकाकांच्या शेजारची जागा त्यांची ठरलेली होती. राहिला होता दगड. "माझ्या मागे कोण भेडाघाटला खेपा घालणार?" असं म्हणून त्यांनी एका सकाळी मला रिक्षात बसवलं.

धबधब्याच्या रस्त्यावर मूर्ती कोरणाऱ्यांची दुकानं आहेत, त्यातलं एक त्यांच्या ओळखीचं होतं. कारागीर पन्नाशीचा, भुवयांवर संगमरवराची पांढरी धूळ. मी घरूनच कागदावर मजकूर लिहून आणला होता. नाव. जन्मतारीख. त्याखाली 'निधन' आणि पुढे रिकामी जागा. सर्वांत खाली दोन शब्द, काकूंनी स्वतः निवडलेले: तयार होते.

"ये वाली जगह खाली रखनी है, भैया," काकू म्हणाल्या. पण शेजारी कटरची मशीन चालू होती.

"ठीक है, अम्मा. कब तक चाहिए?"

"ईस्टरच्या आधीचा शनिवार," काकूंनी मला सांगितलं. ईस्टरच्या पहाटे त्यांची मंडळी कब्रस्तानात जमतात, थडग्यांवर फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात, गाणी म्हणतात. तेव्हा काकांच्या शेजारी आपला दगड तयार असावा, असं त्यांच्या मनात होतं.

"इसी पे लिख दीजिए, बहनजी," असं म्हणून कारागिराने कागद माझ्यापुढे केला. त्या मशीनच्या आवाजात मला मोठ्याने बोलायचं नव्हतं. मी पेन घेतलं आणि जिथे जागा दिसली तिथे त्या शनिवारची तारीख लिहिली. जागा उजव्या बाजूला होती. निधनच्या ओळीत.

दगड वेळेच्या तीन आठवडे आधी तयार झाला. टेम्पोतून दोन माणसांनी उतरवला, अंगणात भिंतीला टेकवून ठेवला. मी कॉलेजमधून आले तेव्हा आई भिंतीपलीकडे उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. काकू दगडासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी बोटांनी अक्षरं चाचपून वाचली होती. निधन, आणि पुढे सुबक कोरलेली तारीख. तीन आठवड्यांनंतरच्या शनिवारची.

मी रडायला लागले. काकूंनी कारागिराला फोन लावायला सांगितलं. तो घाबरला. "अम्मा, हम तो जो लिखा रहता है वही उतारते हैं, पढ़ते नहीं. हम कल ही आके घिस देंगे. नया बना देंगे, अम्मा!"

"राहू दे अभी," काकू म्हणाल्या. फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "किती सुंदर अक्षर काढलंय बघ."

"काकू, चूक माझी आहे."

"हो. तुझीच आहे."

कॉलनीत दोन दिवस तेच बोलणं होतं. कुणी म्हणालं, अपशकुन. कुणी म्हणालं, फोडून टाका. चर्चचे पाळकसाहेब येऊन गेले, ते म्हणाले दगडाला काय कळतं. काकू सगळ्यांना चहा देत होत्या. आयुष्यभर त्या म्हणत आल्या होत्या की तारीख कुणालाच माहीत नसते, म्हणून रोज तयार राहायचं. आता त्यांच्या अंगणात तारीख उभी होती. तिच्यावर त्यांचा विश्वास होता असं नाही. नव्हता असंही नाही. मी रोज पाचला जात होते, वाचत होते, आणि उच्चार चुकला तरी टिचकी वाजत नव्हती.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्या मध्येच म्हणाल्या, "सगळं झालंय गं. साडी आहे. जागा आहे. कागद पाळकसाहेबांकडे आहेत. मग हे असं काहून होऊन राहिलं?" आणि छातीवर हात ठेवला. मी घाबरून उठले. "बस. दुखत नाही. ते नाही."

त्या संध्याकाळी आईने मला रूथमावशींबद्दल सांगितलं. तोवर मला एवढंच माहीत होतं की काकूंची एक धाकटी बहीण नागपूरला असते आणि येत नाही. रूथमावशींचे यजमान, प्रभाकरकाका, याच फॅक्टरीत होते. एका सकाळी ते धावत खिडकीशी आले तेव्हा भोंगा नुकताच थांबला होता. त्या महिन्यातला तिसरा लेट. ते गजातून हात आत घालून म्हणाले, "ताई, आत्ता थांबला, आत्ता." काकूंनी फळकुट खाली ओढलं. दुपारी कळलं की रूथमावशी न्हाणीत पडल्या होत्या, पोटात मूल होतं, आणि ते त्यांना दवाखान्यात पोचवून आले होते. मूल राहिलं नाही. तिसऱ्या लेटमुळे प्रभाकरकाकांचं नाव बढतीच्या यादीतून गेलं. मनाला लागलं, त्यांनी बदली मागून घेतली. रूथमावशी बहिणीशी त्यानंतर बोलल्या नाहीत. प्रभाकरकाका वारले तेव्हाही काकूंना निरोप आला, तो येऊ नकोस असा.

"काकूंनी माफी मागितली नाही?" मी विचारलं.

"कशाची मागणार? नियमाने केलं होतं," आई म्हणाली. मग भाजी ढवळत म्हणाली, "मलाही कधी समजलं नाही बापा."

दुसऱ्या दिवशी काकूंनी शास्त्र बाजूला ठेवायला सांगितलं. "कागद घे. पत्र लिहायचंय. फोन ती उचलत नाही." पहिला मसुदा त्यांनी सांगितला तो असा सुरू झाला: 'आपणास कळविण्यात येते की'. मी लिहायची थांबले. त्या म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." त्यांनीच तो फाडायला लावला. दुसरं पत्र चार पानांचं झालं. त्यात भोंगा किती वाजून किती सेकंदांनी थांबला याचा हिशोब होता. तेही फाडलं. तिसऱ्या दिवशी त्या डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या:

"लिही. रूथ, मी खिडकी उघडायला पाहिजे होती. आता दार उघडं आहे. जमेल तेव्हा ये." थांबल्या. "आणि लिही, शनिवारच्या आत."

माझं पेन कागदावर होतं. शनिवारची तारीख मी एकदा लिहिली होती. ती लिहिल्याने काय झालं ते भिंतीला टेकून उभं होतं. आणि मला वाटलं, ज्या बाईला एकदा उशीर झाला म्हणून सगळं गेलं, तिला पुन्हा तारीख कशी द्यायची? हे सगळं मला तेव्हा इतकं स्पष्ट कळलं होतं की नाही, सांगता येत नाही. कदाचित फक्त हात थांबला असेल.

"लिहिलं?"

"हो," मी म्हटलं.

काकूंना बारीक अक्षर दिसत नव्हतं. त्यांनी कागदावरून बोट फिरवलं, खाली सही केली, आणि मी पत्र टाकून आले. कुणाला सांगितलं नाही.

त्या शनिवारी काकूंनी पहाटे अंघोळ केली, अंगण झाडलं आणि फाटक सताड उघडून ठेवलं. ते फाटक उघडं राहिलेलं कॉलनीने कधी पाहिलं नव्हतं. दहा वाजता एक गाय आत शिरली आणि दोन ओळी झेंडू खाऊन गेली. काकूंनी तिला हाकललंही नाही. त्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या, मनगटावरचं घड्याळ पुन्हा पुन्हा डोळ्यांजवळ नेत होत्या. पांढरी साडी आत पलंगावर काढून ठेवलेली मी पाहिली. नागपूरच्या गाडीची वेळ झाली, टळली. मी भिंतीच्या या बाजूला पुस्तक घेऊन बसले होते आणि एक अक्षर वाचत नव्हते. रूथमावशींना तारीख माहीतच नाही, हे त्या अंगणात फक्त मला माहीत होतं. दहा वेळा तोंड उघडलं असेल मी. शब्द आला नाही.

संध्याकाळी भोंगा वाजला. त्यांचा हात उचलला गेला नाही.

आईने खिचडी पाठवली. मी ताट ठेवलं तेव्हा काकू दगडाकडे बघत होत्या. दिवे लागायची वेळ झाली होती आणि त्या अगदी ठणठणीत होत्या.

"तारीख संपत आली गं," त्या म्हणाल्या. "ना मी गेले, ना ती आली. आता काय करायचं?" इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा सल्ला विचारला होता. मी म्हटलं, "खिचडी गार होईल." 

फाटक त्यांनी त्या दिवशी लावलं नाही. ईस्टरच्या पहाटे त्या कब्रस्तानात गेल्या, आणि पोचल्या तेव्हा गाणं सुरू झालं होतं, हे मला नंतर पाळकसाहेबांच्या बायकोकडून कळलं. काकूंना उशीर झाला, हे तिला त्या दिवसाच्या उपासनेपेक्षा मोठं वाटलं होतं.

सोमवारी अकराच्या सुमाराला मी काकूंच्या ओट्यावर लसूण सोलत बसले होते. रिक्षा थांबली. एक ठेंगणी बाई उतरली, केस सगळे पिकलेले, हातात एक पिशवी. ती उघड्या फाटकाच्या बाहेर उभी राहिली. आत पाऊल टाकलं नाही.

"ताई," ती म्हणाली, "येऊ का आत? की भोंगा झाला?"

काकू उठल्या.  त्या फाटकापर्यंत गेल्या आणि बहिणीच्या हातातली पिशवी घेतली.  मग काकू म्हणाल्या, "शनिवारी वाट पाहिली."

"शनिवारी काहून? तू लिहिलंस ना, जमेल तेव्हा ये."

काकूंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी लसणाकडे पाहिलं.  मग त्यांचा आवाज आला, "हो. तेच लिहिलं होतं. चल, चहा घे."

सगळं ठीक झालं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. रूथमावशी चार दिवस राहिल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून भांडण ऐकू आलं. "मी माफ करीन गं," रूथमावशी म्हणत होत्या, "माझ्या वाटचं. त्याच्या वाटचं कोण करणार? तो तर गेला."   तिसऱ्या दिवशी दोघी मिळून बडा फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन चादरी घेऊन आल्या. जाताना रूथमावशी दगड बघून म्हणाल्या, "हे काय भलतंच? काढ हे इथून." मग त्या दर दोन महिन्यांनी येऊ लागल्या. कधी सांगून, कधी न सांगता.

पत्राबद्दल काकू मला एकदाच बोलल्या. वाचन संपल्यावर, अचानक. "दगडावर तू तारीख लिहिलीस, पत्रात नाही लिहिलीस. यातली चूक कुठली, मला अजून कळलेलं नाही. तुला कळलं?" मी नकारार्थी मान हलवली. "प्रभूने तुझ्या हातून करून घेतलं असेल," त्या म्हणाल्या. मला ते आवडलं नाही. माझ्या भित्रेपणातून घडलेल्या दोन गोष्टी कुणी करून घेतल्या असतील, तर त्याने मला निदान विचारायला हवं होतं. पण मी हेही बोलले नाही.

कारागीर तारीख घासून द्यायला दोनदा आला. काकूंनी दगड घासू दिला नाही. त्याच्याकडूनच तो फाटकाच्या आत, जमिनीवर पालथा टाकून घेतला. अक्षरं खाली, गुळगुळीत पाठ वर. पायरी झाली, बसायलाही झाली.

"आणि तुमच्यासाठी?" आईने विचारलं.

"दुसरा करू. घाई काय आहे?" काकू म्हणाल्या. आईने घरात येऊन बाबांना ते वाक्य दोनदा सांगितलं.

मागच्या वर्षी, मी पुण्याला नोकरीला लागून दहा महिने झाल्यावर, आईचा फोन आला. काकू गेल्या. सकाळी दूधवाला आला तेव्हा फाटक उघडं होतं, त्या पलंगावर होत्या. किती वाजता गेल्या कुणाला माहीत नाही. दफन चारला ठरलं होतं. "पण थांबले सगळे," आई म्हणाली. "रूथबाईंची गाडी लेट होती. पाळकसाहेब म्हणाले, येऊ द्या. साडेपाच वाजले बघ. पण थांबले." साडी ती पांढरीच होती. नव्या दगडावर काय लिहिलं आहे ते मी अजून पाहिलेलं नाही. सुट्टी मिळते, पण मी जायचं पुढे ढकलते आहे. का, ते माहीत नाही.

मला काकू आठवतात त्या मी पुण्याला निघाले त्या दुपारच्या. रिक्षा दारात उभी होती, सामान चढवून झालं होतं. काकू त्या पालथ्या दगडावर बसल्या होत्या, फाटक मागे उघडं. गाडीला पावणेदोन तास होते.

"चहा टाकलाय," त्या म्हणाल्या. "घेऊन जा."

मी मनगटाकडे पाहिलं. माझं घड्याळ तेव्हा दहा मिनिटं पुढे होतं, अजूनही आहे. "नको काकू, उशीर होईल. स्टेशनवर तासभर आधी पोचलेलं बरं. तुम्हीच म्हणता ना."

"मी म्हणत होते," त्या म्हणाल्या. आणि थोडं सरकून त्यांनी दगडावर शेजारी जागा केली.

मी वाकून नमस्कार केला आणि रिक्षात बसले. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या, एका कडेला, शेजारची जागा मोकळी ठेवून.

स्टेशनवर पोचले. गाडी दीड तास लेट होती.